दम्यासाठी धोतऱ्याच्या वाळलेल्या पानांचा धूर घेतला तर चालेल का?

नाही, घरी हा प्रयोग अजिबात करू नका. उपाय जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे: धोतऱ्यातलं ॲट्रोपिन आवळलेल्या श्वासनलिका सैल करतं, म्हणूनच एकेकाळी युरोपातही दम्यासाठी धोतऱ्याच्या सिगारेटी विकल्या जात. पण ॲट्रोपिन, स्कोपोलामिन या धोतऱ्यातल्या विषारी द्रव्यांचं प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं आणि पानाकडे बघून ते कळत नाही. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं. जास्त झालं की घशाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, माणूस भ्रमात बरळू लागतो, हवेतल्या वस्तू पकडायला जातो. अशा वेळी घरगुती उतारे देत बसू नका, थेट दवाखाना गाठा. काटेरी बोंडातल्या बिया तर लहान मुलांच्या हाती लागूच देऊ नयेत. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर धोका आणखी वाढतो. आयुर्वेदातल्या कनकासव नावाच्या औषधात धोतरा असतो हे खरं. पण ते मोजून बनवलेलं औषध आहे, तेही वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावं. डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर मात्र त्यासाठी बंद करू नका.