‘मणका सरकला’, ‘गादी सरकली’ : नेमके सरकते काय?

प्रश्न असा : ‘मणका सरकणे’ आणि ‘गादी सरकणे’ एकच का? कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणक्यांवर उपचार करणारा, ‘सरकलेला मणका बसवतो’ हे म्हणणे बरोबर का? आणि ‘कायरोप्रॅक्टिक’ला मराठी शब्द कोणता?

शेवटचे आधी उरकतो. या शब्दात दोन ग्रीक तुकडे आहेत, ‘हात’ आणि ‘करणे’. डॅनिएल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट इथे ही पद्धत सुरू केली. ‘हाडवैद्य’ हा प्रतिशब्द चालणार नाही. हाडवैद्य मोडलेले हाड सांधतो, निखळलेला सांधा बसवतो. इथे मोडलेले-निखळलेले काहीच नसते. ‘कायरोप्रॅक्टिक’ आहे तसेच राहू द्यावे.

खरा घोळ ‘सरकणे’ या क्रियापदाचा आहे. ते तीन वेगळ्या गोष्टींना लावले जाते आणि शब्दशः खरे फक्त एकीच्या बाबतीत असते.

एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरतो, त्याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये ही घसरण दिसते, मोजताही येते : खालच्या मणक्याच्या पुढून मागच्या लांबीचे चार भाग करतात, घसरण २५ टक्क्यांपर्यंत असेल तर पहिली श्रेणी, ५० पर्यंत दुसरी, असे पुढे. इथे ‘मणका सरकला’ अगदी अचूक. गंमत म्हणजे हाच मणका हाताने दाबून जागी बसत नाही. घसरण अस्थिर असेल तर त्या जागी हाताने झटका देणेच टाळतात.

गादी मात्र सरकत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते. तिच्या कडेला चिवट तंतूंचे कडे, आत मऊ गर. कडे कमकुवत झाले की गादी फुगते, फाटले की गर बाहेर येतो. बहुतेक वेळा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत. ‘स्लिप डिस्क’ हे नावच मुळात चुकलेले, आपण ती चूक इमानाने मराठीत आणली. ‘गादी फुगली’ किंवा ‘गर बाहेर आला’ म्हणावे. तरी एक लक्षात ठेवावे : काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांच्या एमआरआयमध्येही फुगलेल्या गाद्या दिसतात, त्यामुळे रिपोर्टातला शब्द म्हणजे दुखण्याचे कारण, असे परस्पर ठरत नाही.

‘मणक्यात गॅप आला’ हे तर उलटेच आहे. एक्स-रेमध्ये गादी दिसत नाही, तिच्या जागी मोकळी फट दिसते. गादी झिजली की फट अरुंद होते. म्हणजे गॅप कमी झालेला असतो आणि आपण तो ‘आला’ म्हणतो!

तिसरे सरकणे कायरोप्रॅक्टिकचे, त्यांच्या भाषेत ‘सबलक्सेशन’. वैद्यकात याचा अर्थ सांधा अर्धवट निखळणे. पामर यांच्या मांडणीत, मणका किंचित जागचा हलून मज्जातंतू दाबतो आणि त्यातून आजार होतात. ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांची नियामक संस्था असलेल्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये स्पष्ट केले की ही ऐतिहासिक संकल्पना आहे आणि ती आजारांचे कारण असल्याच्या दाव्याला संशोधनाचा आधार नाही. आज अनेक कायरोप्रॅक्टर जागेपेक्षा हालचालीबद्दल बोलतात : पालथे झोपवून एकेक मणका दाबून पाहायचा, कुठला सांधा जखडला आहे, कुठे दुखते हे शोधायचे. मग तो सांधा हालचालीच्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथून छोटा, जलद झटका द्यायचा. ‘कट्’ आवाज येतो तो हाड बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवाचा दाब एकदम उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण २० मिनिटे लागतात. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असेही नाही. म्हणून ‘मणका बसवला’ ऐवजी ‘सांधा मोकळा केला’ म्हणावे. शब्दाने इथे खरेच फरक पडतो : ‘सरकला’ ऐकलेला माणूस पुन्हा सरकेल या भीतीने वाकणे सोडतो, अंथरूण धरतो आणि त्याने पाठ आणखी आखडते.

‘उसण भरली’, ‘लचक भरली’, ‘कंबर धरली’ हे जुने शब्द मला यापेक्षा प्रामाणिक वाटतात. ते फक्त काय जाणवते ते सांगतात, कारणाचा दावा करत नाहीत. आणि बहुतेक कंबरदुखीत एका ठरावीक जागेवर बोट ठेवता येतच नाही.

राहिली ‘नस दबली’. ‘नस’मध्ये आपण रक्तवाहिनी, स्नायूचा दोर आणि मज्जातंतू तिन्ही कोंबतो. कळ गुडघ्याखाली जाते, मुंग्या येतात, तेव्हा ‘मज्जातंतू दबला’ म्हणावे. आणि पायातली शक्ती जात असेल, जांघेत वा बैठकीच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली असेल, तर शब्द कोणताही वापरा, पण झटका देऊन न घेता थेट रुग्णालय गाठा.