‘नीट बसलं होतं ना?’

काम संपतं, माणूस घरी येतो, आणि मग सुरू होतं: ‘काही राहिलं तर नसेल?’ मी समुपदेशक आहे; ही तक्रार मी नर्सेसकडून ऐकते, औषधाच्या दुकानात काम करणाऱ्यांकडून ऐकते, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांकडूनही. इतक्यांदा ऐकली, की आता त्यावर लिहायलाच हवं. ज्याच्याबरोबर काम करताना ही गोष्ट मला सर्वांत स्वच्छ दिसली, त्याच्याबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलून.

त्याला आपण सुहास म्हणू. सांगलीकडचा, डिप्लोमा झालेला, बंगळुरूला छोटे उपग्रह जोडणारा टेक्निशियन. अंगात पांढरा झगा, डोक्याला टोपी, मनगटाला अर्थिंगचा पट्टा. बोटभर जागेत वायरिंग बसवायचं, ठरलेल्या टॉर्कनेच, म्हणजे ठरलेल्या पिळानेच, स्क्रू आवळायचे, स्क्रूच्या डोक्याशी इपॉक्सीचा ठिपका ठेवायचा. हात कसलेला, वरिष्ठ खूश. आणि रात्री झोप नाही.

‘मॅडम, गाडी बिघडली तर गॅरेजला परत येते. माझं काम एकदा वर गेलं की गेलं. पॅनेल बंद करून किती दिवस झाले, तरी वाटतं, आतला कनेक्टर नीट बसला होता ना? तो क्षण आठवत बसतो. जितका आठवतो तितका पुसट होतो.’

मग तो सहकाऱ्याला फोन करायचा, सकाळी जाऊन नोंदवही उघडायचा. सही दिसली की तासभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. यात नवल नाही. वारंवार तपासल्याने आठवणीवरचा विश्वास वाढत नाही, कमी होतो. प्रयोगांतही हे दिसलेलं आहे.

मी विवेकनिष्ठ विचारसरणीने काम करते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली ही पद्धत महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. तिच्यात आम्ही आधी ‘च’ शोधतो, म्हणजे ‘असंच व्हायला हवं’ हा मनातला हट्ट. सुहासचा ‘च’ ठळक होता: माझ्या हातून चूक होताच कामा नये. पण तो त्याला आयता दाखवून उपयोग नव्हता. ‘एवढ्या मोठ्या कामात असंच असावं लागतं’, हे उत्तर त्याच्याकडे तयार होतं. म्हणून मी त्याच्या कामाबद्दलच विचारत राहिले.

‘कनेक्टर लावल्यावर कागदावर सह्या किती?’

‘दोन. एक लावणाऱ्याची, एक बघणाऱ्याची.’

‘बघणारा कशाला? तुझा हात तर चांगला आहे.’

‘चांगला असला तरी माणूस चुकतोच ना मॅडम. म्हणून तर बंद करण्याआधी फोटो काढतात. म्हणून तर व्हायब्रेशन टेस्ट. टेस्टच्या आधी आणि नंतर हलकं हलवून आलेख काढतो. आत काही सैल झालं असेल तर आलेख सरकलेला दिसू शकतो.’

‘म्हणजे तू चुकशील, हे प्रोसिजर लिहिणाऱ्यांनी धरूनच ठेवलंय?’

तो गप्प झाला. मग सावकाश म्हणाला, ‘हो. मलाच तेवढं मान्य नाही.’

समुपदेशनात असं वाक्य समोरच्याच्या तोंडून यावं लागतं. मी ते पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर त्याने मान डोलावली असती आणि रात्री पुन्हा फोन लावला असता. त्या दिवशी मी आणखी एकच विचारलं: ‘एवढी शंका येते, तर कनेक्टर काढून पुन्हा का लावत नाहीस?’

तो जवळजवळ दचकला. ‘असं कसं? प्रत्येक वेळी लावलं-काढलं की पिना झिजतात. किती वेळा लावलं त्याची नोंद ठेवतो आम्ही. टेस्टिंगला मधे दुसरा कनेक्टर लावतो, झीज त्याची होऊ दे.’

तपासणीचीही किंमत असते, हे त्याच्या हातांना आधीपासून माहीत होतं. मनाला तेच लागू करायचं होतं.

त्यातून आम्ही एक नियम बेतला. शंका आली की विचारायचं: हिने नवी माहिती आणली आहे का? ‘त्या पानावर टॉर्कचा आकडा लिहिल्याचं आठवत नाही’ ही माहिती आहे. ती लगेच वरिष्ठांना सांगायची, रात्र असली तरी, लाज न बाळगता. ‘उगाच वाटतंय’ ही माहिती नाही. तिथे फोन नाही, नोंदवही नाही. बेचैनी असू द्यायची, ती आपोआप उतरते. पुढे एकदा खरोखरच एक नोंद राहिली होती. त्याने स्वतः जाऊन सांगितलं, फेरतपासणी झाली. चूक कबूल करून आलेला सुहास त्या आठवड्यात सर्वांत शांत झोपला. मला त्याचा अभिमान वाटतो.

निकालाची भीती मात्र उरली होती. ती उतरायला त्यानेच काढलेला विषय कामी आला. ७ ऑगस्ट २०२२ला एसएसएलव्ही या इस्रोच्या छोट्या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात आझादीसॅट हा उपग्रह होता, ७५ शाळांतल्या ७५० मुलींनी बनवलेली उपकरणं घेऊन. रॉकेटने उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाऐवजी एका टोकाला ७६ किलोमीटरपर्यंत खाली येणाऱ्या कक्षेत सोडले आणि ते वाया गेले. ‘मुलींचं काय चुकलं?’ मी विचारलं. ‘काहीच नाही,’ तो म्हणाला. १० फेब्रुवारी २०२३ला आझादीसॅट-२ कक्षेत पोचला, तेही त्यानेच सांगितलं. निकाल हा कामाच्या दर्जाचा एकमेव पुरावा नसतो, हे मी त्याला समजावण्याची गरज उरली नाही.

असं काम करणाऱ्यांच्या वरिष्ठांना एक विनंती. चूक सांगायला आलेल्याला झापलंत, तर पुढची चूक तुमच्यापर्यंत येणार नाही. ती पॅनेलच्या आत राहील.

तपासण्यात रोजचे तास जात असतील, किंवा हे गॅस, कुलूप, हात धुणं असं सगळीकडे पसरलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. मंत्रचळेपणावर औषधं आहेत, उपचार आहेत.

आणि घरच्यांनी ‘काही होणार नाही रे’ हे दर रात्री म्हणणं थांबवावं. तो दिलासाही एक तपासणीच असते. सुहासच्या आईंना हे जड गेलं. आता त्या एवढंच विचारतात, ‘नवीन काही आठवलंय का?’ बहुतेक वेळा तो ‘नाही’ म्हणतो, आणि मायलेक दुसऱ्या विषयावर बोलतात.