गेममधल्या लोकांना आपला 'क्लास' माहीत असतो का?

प्रश्न असा की डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन खेळायच्या गेममध्ये माझा 'फायटर' क्लास, म्हणजे नियमांनी ठरवलेला पात्राचा प्रकार, त्या जगातल्यांनाही कळतो का. क्लास पाहून ठरतं. फायटर हे नुसतं नियमपुस्तकातलं लेबल. कोतवालाला तो तलवारवाला बाप्याच दिसणार. ड्रुइड, म्हणजे निसर्गपूजक पुरोहित, त्याचं तसं नाही. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड नियमांत ग्रेट ड्रुइड एकच असतो, ती जागा हवी तर बसलेल्याला लढून हरवायचं. क्लास कसला, गादीच ती!

आम्ही परतवाड्याकडचे, मेळघाटावर बेतलेला गेम खेळतो. त्यात भुमका, म्हणजे कोरकूंचा वैदू-मांत्रिक, हा क्लास ठेवलाय. त्याला सारं गाव ओळखतं, रात्री-बेरात्री दार ठोकतं, अन् उतारा लागू पडला नाही तर जाबही विचारतं. एवढा लोंढणा नको असेल तर सरळ रनक्वेस्ट हा असाच दुसरा गेम खेळा, त्यात क्लासच नाहीत.