सातव्या महिन्यात झाली म्हणून झोपत नाही का?

आयांचा हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा येतो की एकदा सविस्तर लिहावंच म्हटलं. मूल दिवस भरायच्या आधी झालेलं असतं, आता शाळेत जायला लागलंय, पण रात्री झोपत नाही, सारखं उठतं, दिवसभर किरकिर, आणि मग घरात कुणीतरी म्हणतंच, प्रीमॅच्युअर आहे ना, असंच राहणार.

अशीच एक सहा वर्षांची मुलगी (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत), २९ आठवड्यांची जन्मलेली, बरेच दिवस पेटीत होती. झोप लागायला तासभर, मग रात्रीतून तीन-चारदा उठून आईला घट्ट धरणार, सकाळी रडारड. बाबांचं म्हणणं लाडामुळे, टीचरचं म्हणणं लक्ष नाही, एडीएचडीची (लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार असतो ती अवस्था) टेस्ट करून घ्या. मी म्हटलं टेस्ट करू पण जरा थांबा, कारण लहान मुलाची झोप अपुरी झाली की ते पेंगतंच असं नाही, उलट उड्या मारतं, हट्ट करतं, आणि वरून बघणाऱ्याला ते एडीएचडीच वाटतं. या वयात साधारण ९ ते १२ तास झोप लागते, हिची त्यातली बरीचशी तुकड्यातुकड्यांत जात होती.

पहिलं विचारलं, घोरते का? आई हसली, "हो, अगदी बाबांसारखी!" यावर सगळेच हसतात पण आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण लवकर जन्मलेल्या मुलांत झोपेत श्वास अडखळण्याचं प्रमाण जास्त दिसतं. हिचे अ‍ॅडेनॉइड्स (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) वाढलेले निघाले. शिवाय पाय शिवशिवतात म्हणून रात्रभर पाय झाडायची, तर रक्तात फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन) कमी. बाळाच्या शरीरात लोहाचा साठा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत होतो, हिला ते महिने मिळालेच नव्हते. (म्हणून मनाने लोहाचं औषध सुरू करू नका हां, जास्त झालं तर घातक असतं, आधी तपासणी.)

आता खरी गाठ. मी आईला विचारलं, ती झोपल्यावर तुम्ही काय करता? बराच वेळ गप्प, मग म्हणाली, नाकाखाली बोट धरून बघते, श्वास चालू आहे ना. रोज. रात्रीतून कितीतरी वेळा. मोबाईलचा टॉर्च लावून. एनआयसीयूतला (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातला) मॉनिटर वाजला की बाळाचा श्वास थांबलाय हे तिच्या डोक्यात इतकं बसलेलं की सहा वर्षांनीही कुठं बीप वाजली तरी छातीत धडधडायचं, आणि हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी मुलगी एकटी माझ्याशी बोलत होती तेव्हा तिने सहज विचारलं, "मी झोपले की आई का घाबरते?"

लवकर जन्मलेल्या मुलांमध्ये काळजी, भीती, लक्ष न लागणं जास्त आढळतं हे खरंय, पण त्याचा अर्थ प्रत्येकाला होणारच असा नाही, आणि आपल्या भीतीचा वास मुलांना फार लवकर येतो असं माझं स्पष्ट मत आहे.

आईचे समुपदेशनाचे सेशन्स आम्ही वेगळे सुरू केले, बाबांनाही बसवलं. नाकाचे उपचार सुरू झाले आणि डॉक्टरांनी सांगितलं की असं तपासायची गरज नाही, तेव्हा ते तपासणं हळूहळू कमी केलं, आधी रात्रीतून एकदाच, ठरलेल्या वेळी, टॉर्चशिवाय. मुलीसाठी उठायची वेळ रोज तीच, झोपण्याआधी तासभर स्क्रीन बंद, काळज्या संध्याकाळीच बोलून घ्यायच्या, अंथरुणात नाही. आणि "पाच मिनिटांनी येते" म्हटलं की आईने खरंच पाच मिनिटांनी यायचं, मूल झोपलंय असं वाटलं तरी. तिच्या जन्माची गोष्टही तिला सोप्या शब्दांत सांगितली, तू लवकर आलीस, छोटी होतीस, मशीनने मदत केली, आता तुझी तू श्वास घेतेस.

काही महिन्यांत घोरणं बरंच कमी झालं, उठणं बहुतेक रात्री एकदाच. झोप लागायला मात्र अजून वेळ लागतो, शाळेत काही नवीन असलं की पुन्हा दोन-चार रात्री बिघडतात. टीचर म्हणतात लक्ष सुधारलंय पण गणितात मागे आहे, त्यामुळे ती टेस्ट आता करतोय, नीट झोपलेल्या मुलीची.

तुमच्याकडे मूल झोपेत मधेच श्वास थांबवून मग दचकून श्वास घेत असेल तर मात्र कशाचीही वाट बघू नका. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा, तोंडी वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.