डेटा मायग्रेशनची नोकरी घ्यावी का?

प्रश्न : मी चोपड्याची, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याच्या एका कंपनीने डेटा मायग्रेशन टीमसाठी निवडलंय. मैत्रिणी म्हणतात, हे नुसतं कॉपी-पेस्ट. जाऊ का?

उत्तर : जरूर जा, पण काम ओळखून जा. डेटा मायग्रेशन म्हणजे जुन्या सिस्टिममधला डेटा नव्या सिस्टिममध्ये नीट नेणं. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५० लाखांहून जास्त ग्राहकांचा डेटा नव्या प्लॅटफॉर्मवर नेला. डेटा पोचला, पण प्लॅटफॉर्मच कोलमडला आणि लाखो लोकांना आपल्या खात्यात लॉगिन करता येईना. डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. कॉपी-पेस्टला एवढा दंड होत नाही!

तुझ्या जवळचं उदाहरण म्हणजे गावची विकास सोसायटी. २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या ६३ हजार सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. अशा जुन्या नोंदींत काय निघतं? एकाच नावाचे चार पाटील, त्यातले दोघे एकच माणूस. ००४५७ हा खातेक्रमांक एक्सेलमध्ये उघडला की ४५७ होतो. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, कळत नाही. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं युनिकोडमध्ये न बदलता नेली तर नुसती चिन्हं दिसतात.

आतापासून सराव कर. ५०० काल्पनिक सभासदांची फाइल बनव, त्यात वरच्या चुका मुद्दाम पेर. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आधी एका कच्च्या टेबलात सगळे कॉलम टेक्स्ट म्हणूनच घे, म्हणजे शून्यं गळत नाहीत. कुठला जुना कॉलम कुठे जाणार, हे मॅपिंग शीटवर लिही. नाकारलेल्या ओळी कारणासह वेगळ्या टेबलात ठेव. त्या मनाने दुरुस्त करायच्या नाहीत, कारण दोन पाटील एकच आहेत का हे सोसायटीचा कारभार बघणारा गटसचिवच सांगू शकतो. लोड झाल्यावर फक्त ओळी मोजू नकोस. पीककर्ज, मध्यम मुदत कर्ज अशी प्रत्येक प्रकारची येणे बाकी पैशापर्यंत जुळव. मग सगळं पुसून पुन्हा लोड कर, निदान तीनदा, घड्याळ लावून. खऱ्या प्रोजेक्टमध्ये याच वेळेवरून जुनी सिस्टिम कधी बंद करायची आणि किती वाजेपर्यंत जमलं नाही तर मागे फिरायचं, हे आधी ठरतं.

होकार देण्याआधी कंपनीला विचार : मला एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहायला मिळेल का, ट्रायल लोडमध्ये बसवणार का? नुसत्या शीट भरायच्या असतील, तर सहा महिन्यांनी काम बदलून मिळेल का, हेही विचारून घे.