व्हिनेगरची तपासणी, एचपीव्ही आणि सरकारचा निर्णय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या उपकेंद्रात गर्भपिशवीच्या तोंडाला व्हिनेगर लावून तिथला कॅन्सर तपासतात. बायका हसतात, म्हणतात, लोणच्यातलं पाणी लावून कसली तपासणी? काय सांगू त्यांना?
– आशा कार्यकर्ती, धाराशिव जिल्हा

उत्तर : ताई, सांगा की ही तपासणी मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांच्या अभ्यासात पारखून घेतलेली आहे. ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, कापसाच्या बोळ्याने लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि झगझगीत उजेडात बघायचं. पेशी बिघडल्या असतील तर तेवढा भाग पांढरा पडतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये हा अभ्यास सुरू केला. तपासणाऱ्या बायका डॉक्टर नव्हत्या; दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या होत्या. दोन-दोन वर्षांनी चार फेऱ्या झाल्या आणि तपासणी न झालेल्या बायकांच्या तुलनेत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मात्र पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर घाबरलेली बाई पुढच्या तपासणीला फिरकत नाही.

प्रश्न : एचपीव्ही चाचणी (हा कॅन्सर घडवणारा विषाणू शोधणारी) जास्त खात्रीची असताना सरकार ती का करत नाही? संशोधन वाचतं तरी कोण?
– शिक्षिका, पुणे

उत्तर : वाचतात हो. गंमत अशी, की एचपीव्हीच्या बाजूचा जगातला एक भक्कम पुरावा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यातला, म्हणजे वरच्या ताईंच्या धाराशिवचा आहे. १९९९ पासून तिथे खेड्यांचे ५२ समूह करून सुमारे १ लाख ३२ हजार बायकांचा अभ्यास झाला. ज्यांची तपासणी झाली त्यांची एकदाच झाली. आठ वर्षांत एचपीव्हीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गट तीस-पस्तीस हजारांच्या घरातले. व्हिनेगरच्या गटात ५६, म्हणजे ठामपणे फरक पडला म्हणावं इतकी घट नाही. हे निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले.

तरी २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगरचीच तपासणी आली. कारण धोरण ठरवताना ‘कोणती चाचणी चांगली’ एवढं विचारून भागत नाही. नमुना प्रयोगशाळेत कोण नेणार? अहवाल येईपर्यंत ती बाई ऊसतोडीला गेली असेल तर तिला गाठणार कोण? व्हिनेगरचा निकाल तिथल्या तिथे कळतो, खर्चही किरकोळ. त्या वेळी हा निर्णय मला चूक वाटला नव्हता. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्हीला पहिली पसंती दिली, तेव्हापासून जुनी सबब पुरत नाही. शिवाय मुंबईतला फायदा चार फेऱ्यांचा होता. आपल्याकडे एक फेरीसुद्धा होत नाही : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम दोन टक्के बायकांनी ‘तपासणी झाली’ असं सांगितलं. एवढ्यावर कोणत्या चाचणीचा गुण दिसणार?

प्रश्न : या अभ्यासांत तुलनेसाठी काही बायकांना तपासणीविना ठेवलं, हा अन्याय नाही का?
– वकील, नागपूर

उत्तर : टीका झाली, आणि ती पोकळ नव्हती. संशोधकांचं म्हणणं : त्या भागात तशीही कुणाचीच तपासणी होत नव्हती, त्यामुळे काही काढून घेतलेलं नाही. हे खरं. पण पॅप चाचणीने (पिशवीच्या तोंडाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती) मृत्यू टळतात हे श्रीमंत देशांत केव्हाच दिसलं होतं. माझ्या मते तुलनेचा गट असणं एक वेळ समजू शकतं. त्या बायकांना आपण कशात सामील आहोत हे नीट उमगलं होतं का, हा खरा प्रश्न.

प्रश्न : माझी पिशवी काढली आहे. मलाही तपासणी लागेल का?
– गृहिणी, बीड

उत्तर : पिशवी तोंडासकट काढली असेल आणि कारण कॅन्सर किंवा त्याआधीचा बिघाड नसेल, तर सहसा नाही. काही वेळा तोंड तसंच ठेवतात. मग तपासणी लागतेच. ऑपरेशनचा कागद शोधून सिस्टरना दाखवा, त्यावर लिहिलेलं असतं.