तिसरी नीट आणि डीजेचा लॅपटॉप

दारव्हा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्स, 61 टक्के. नीट दोनदा दिली, 720 पैकी आधी 138, मग 171. दोन वर्षांपासून गावातल्या डीजेच्या गाडीवर ऑपरेटर म्हणून जातो. आता स्वतःचा लॅपटॉप, सॉफ्टवेअर, सगळं मिळून दीड लाखाचं सामान मागतोय. वडील द्यायला तयार आहेत, अट एकच: नीट तिसऱ्यांदा द्यायची. म्हणून विचारतात, ‘स्वस्त आणि शिकायला सोपं सॉफ्टवेअर सांगा, म्हणजे अभ्यासाचा वेळ जाणार नाही.’

भाऊ, सॉफ्टवेअरचं सांगतो. पण मी अडलो ते तुमच्या दुसऱ्याच ओळीवर. ‘अट सांगितली तेव्हा तो काही बोलला नाही, मान हलवली.’ तुम्ही तो होकार धरलात. दोनदा अपयश घेऊन घरात खाली मान घालून वावरणारं पोरगं बापापुढे मान हलवतं, ते विषय मिटावा म्हणून. तुमच्या दोन पानी पत्रात गुण चार ठिकाणी आहेत. पाहुण्यांचं बोलणं दोन ठिकाणी आहे: ‘पोट्टं डीजेच्या गाडीवर चढते, लोकाइले काय सांगू?’ मला डॉक्टर व्हायचंय, असं तो कधी म्हणाल्याचं मात्र एकदाही नाही. बैलाला ढेप दाखवून वखराला जुंपतात, तसा हा लॅपटॉप आहे. बैल जाईलही चार तास. पोरगं वर्षभर पुस्तक उघडून बसेल आणि लक्ष वरातीच्या आवाजाकडे असेल. एका वर्षात 33 गुण वाढले. सरकारी मेडिकलच्या जागेला साधारण त्याच्या आजच्या गुणांच्या दुपटीहून कितीतरी जास्त लागतात. हा हिशेब तुम्हाला कळत नाही असं मला वाटत नाही. कापसाचा हिशेब तुम्ही यापेक्षा कडक करता.

आता त्याचा गैरसमज, आणि तो तुम्हीही खरा मानलाय: फुकटचं सॉफ्टवेअर नवशिक्यांचं, धंद्याला महागडंच लागतं. ‘मिक्स’ नावाचं सॉफ्टवेअर आहे, इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी तीन एक्स. पूर्ण मोफत, ऑर्डर घेऊन वाजवायलाही. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतं. चार डेक (एका वेळी चार गाणी लावायची सोय), हॉट क्यू (गाण्यातल्या खुणेच्या जागी एका बटणात उडी), रेकॉर्डिंग, सगळं त्यात आहे. गाणी लॅपटॉपवर असली की इंटरनेटही लागत नाही, आणि आपल्याकडे मांडवात रेंज किती असते ते तुम्हीच जाणता. ‘व्हर्च्युअल डीजे’ घरी शिकायला फुकट, पण पैसे घेऊन वाजवायचं तर लायसन्स विकत घ्यावं लागतं. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणारी त्याची क्रॅक कॉपी घेऊ नका. तिच्यासोबत व्हायरस येतो, आणि ती नेमकी नवरदेव घोड्यावर बसला की अडकते. ‘सेराटो’ची लाइट आवृत्तीही मोफत आहे. ‘रेकॉर्डबॉक्स’ काही ठरावीक कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायची बटणं-चकत्यांची पेटी, जोडले की पैसे न भरता आपोआप खुलतं.

पैसा घालायचाच तर कंट्रोलरवर घाला. साध्या लॅपटॉपमधून आवाज बाहेर पडायला एकच वाट असते, म्हणून पुढचं गाणं हेडफोनवर आधी ऐकता येत नाही. जे ऐकू येतं तेच सगळ्या वरातीला ऐकू जातं. बहुतेक कंट्रोलरमध्ये साउंड कार्ड आतच असतं, त्याने दुसरी वाट मिळते. घेताना ते आत आहे ना, एवढं तपासा. साध्या कंट्रोलरला दीड लाख लागत नाहीत.

‘शिकायला सोपं’ म्हणाल तर बटणं दोन दिवसांत येतात. सिंकचं बटण दाबलं की दोन गाणी आपोआप जुळतात, असं पोरांना वाटतं. आताच्या मशीनवर बनलेल्या गाण्यांचं जुळतं. जुनी गाणी माणसांनी वाजवलेली, ढोलकीवाला रंगात आला की लय सरकते. सॉफ्टवेअर ती एकसारखी धरून चालतं, कधी टेम्पो दुप्पट मोजतं, कधी निम्मा. मिक्समध्ये ‘टेम्पो स्थिर आहे असं समजा’ ही खूण काढता येते, तरी शेवटी कानच लागतो. तो याच्याकडे आहे की नाही, हे त्याच्या मालकाला विचारा.

बारावीला फिजिक्स आहे, ते वाया गेलेलं नाही. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड करता येईल. किंवा कोणतीही पदवी घेऊन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) ध्वनी विभागाला अर्ज करता येतो. तिथे बारावीचं फिजिक्स विचारतात. गडचिरोलीकडे वडसा-देसाईगंजला झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातली) नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, तिथे साउंडवाल्याच्या हाताखाली एक हंगाम काढला तर वरातीत मिळणार नाही असं काही शिकेल.

एक धाक मात्र जरूर घाला, कानाचा. 85 डेसिबल आठ तास सोसतं, 100 डेसिबल पंधराच मिनिटं, आणि गाडीवरचा आवाज त्याहून खाली क्वचितच असतो. कानात बोळे घालूनच उभं राहायचं. रात्री दहानंतर बंद म्हणजे बंद. पोलीस आले की आधी ऑपरेटरलाच खाली उतरवतात.

घरात जुना लॅपटॉप असेल तर त्यात 8 जीबी रॅम आणि एसएसडी टाकून घ्या, यवतमाळात होऊन जाईल. तिसऱ्या वर्षाची क्लासची फी अजून भरली नसेल, तर थांबा. पुढचं पत्र त्याला लिहू द्या.